सहा हजार एक कसे लिहायचे?

गोदेकाठचं गणित : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण दहाच्या गठ्ठ्यापर्यंत आलो होतो. सुट्या काड्या, दहा काड्यांना रबर लावून केलेला दशक, दहा दशकांची मोठी जुडी. घरातली आजी अजून ‘तीन विसा आन् पाच’ असं मोजत असेल, तर तीही गठ्ठेच बांधते, फक्त तिचा गठ्ठा विसाचा असतो, हेही आपण पाहिलं. गठ्ठे केले की मोजणं सोपं जातं, एवढं मुलाला पटलेलं असतं. आता मोजलेलं लिहायचं कसं, हा या लेखांकाचा विषय.

तिसरी-चौथीच्या वर्गात ‘सहा हजार एक’ अंकांत लिहायला सांगा. काही पाट्यांवर हमखास ६०००१ येतं. ‘एकशे पाच’चे १००५ होतात, ‘दोनशे तीस’चे २००३०. आपण फुली मारतो आणि पुन्हा लिहायला लावतो. पण फुली मारण्याआधी मुलानं काय केलं ते नीट बघायला हवं. ‘सहा हजार’ ऐकलं तेव्हा त्यानं ६००० लिहिले. ‘एक’ ऐकलं तेव्हा पुढे १ लिहिला. जे ऐकलं ते ऐकलं त्याच क्रमानं त्यानं मांडलं. यात निष्काळजीपणा नाही, विचार आहे. दोन हजार वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रात राजाचे हिशेब दगडावर कोरणारे लोकही असाच विचार करत होते, आणि त्यांच्या पद्धतीत तो अगदी बरोबर होता.

शाळेत ‘स्थानिक किंमत’ हा गणिताचा धडा असतो आणि ‘प्राचीन भारतीय गणिती’ हा परिसर अभ्यासातला किंवा सामान्यज्ञानातला. एक वहीत सोडवायचा, दुसरा पाठ करायचा. माझं म्हणणं असं, की हे दोन्ही धडे एकच आहेत आणि मुलाची ही चूक त्या दोघांना जोडणारी जागा आहे.

नाणेघाटातला हिशेब

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या तोंडाशी एक लेणं आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहनांचा मोठा शिलालेख कोरलेला आहे. राणी नागनिकेच्या नावानं तो ओळखला जातो. राजानं केलेले यज्ञ आणि त्या निमित्तानं दिलेली दानं यांची ती यादी आहे : गाई, हत्ती, घोडे, कार्षापण नावाची नाणी. यादी असल्यामुळे त्यात आकडे आहेत. ब्राह्मी लिपीतले हे आकडे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी वाचले आणि १८७७ मध्ये प्रसिद्ध केले. भारतीय अंकांचा इतिहास सांगणारं कुठलंही पुस्तक आज नाणेघाटाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

त्या यादीत १,७०० गाई आहेत, २४,४०० कार्षापण आहेत आणि आपल्या उपयोगाचा नेमका आकडाही आहे : ६,००१ कार्षापण.

कोरणाऱ्यानं तो कसा लिहिला? त्याच्याकडे एकाला एक आडवी रेघ होती, दोनाला दोन रेघा. पण दहाला वेगळं चिन्ह होतं, विसाला वेगळं, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह चिकटवायचं, सहा हजारांसाठी सहाचं. म्हणून ‘सहा हजार एक’ त्यानं दोनच खुणांत लिहिले : आधी सहा हजारांची खूण, मग एकाची रेघ. मधे काही नाही. मधे काही लागतच नव्हतं, कारण सहा हजारांची खूण कुठेही लिहिली तरी सहा हजारच सांगत होती.

आपला ६०००१ लिहिणारा विद्यार्थी हेच करतो. त्याच्या मनात ६००० ही एक अखंड खूण आहे आणि १ ही दुसरी. दोन खुणा शेजारी ठेवल्या की बेरीज झाली, असं त्याला वाटतं. नाणेघाटाच्या पद्धतीत त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

जालन्याच्या मुलांना नाणेघाट लांबचा वाटेल, पण त्या राज्याच्या वाटा आपल्या जिल्ह्यातून जात होत्या. केळना नदीकाठचं भोकरदन म्हणजे तेव्हाचं भोगवर्धन. उत्तरेकडून प्रतिष्ठानला, म्हणजे पैठणला येणाऱ्या व्यापारी मार्गावरचं हे नगर. सांची आणि भारहूत इथल्या स्तूपांच्या लेखांत भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख आहेत. १९७३ मध्ये भोकरदनला उत्खनन झालं, तेव्हा सातवाहनकाळातली वस्ती उजेडात आली आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पाँपेई शहरात जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी या मूर्तीचं साम्य आहे. ज्या गावचा माल इतक्या दूरच्या बाजारांशी जोडलेला होता, तिथे हिशेब रोजचाच असणार.

अडचण कुठे होती?

त्या पद्धतीत उणीव कोणती, हे सांगण्यापेक्षा करून पाहिलेलं बरं. एक ते नऊसाठी नऊ खुणा. दहा, वीस, तीस असं नव्वदपर्यंत आणखी नऊ. शंभरापासून नऊशेपर्यंत आणखी नऊ. नऊशे नव्याण्णवपर्यंत पोचायलाच सत्तावीस किमती ओळखाव्या लागतात, आणि पुढे हजार, दहा हजार आहेतच. आपल्याला कितीही मोठी संख्या लिहायला दहा अंक पुरतात.

आता नाणेघाटातले दोन आकडे घेऊन बेरीज करा : २४,४०० आणि ६,००१. जुन्या खुणांत पहिली संख्या वीस हजार, चार हजार, चारशे अशी तीन खुणांत येते. दुसरी सहा हजार आणि एक अशी दोन खुणांत. चार हजार आणि सहा हजार मिळून दहा हजार, म्हणजे त्या दोन्ही खुणा पुसायच्या आणि दहा हजारांची खूण आणायची. ती वीस हजारांत मिळवली की तीस हजारांची आणखी वेगळी खूण. प्रत्येक जोडीची बेरीज वेगळी लक्षात ठेवायची.

वहीत उभी मांडणी केली, तर हेच काम ४ आणि ६ यांच्या बेरजेत होतं : दहा झाले, शून्य लिहिला, हातचा एक. उत्तर ३०,४०१. ‘चार आणि सहा दहा’ हे पहिलीत शिकलेलं एकच वाक्य एककाच्या घरातही चालतं आणि हजाराच्या घरातही. स्थानिक किमतीनं मिळवून दिलं ते हे. पाठांतर कमी झालं आणि गणित सगळ्यांच्या हाती आलं.

घरं पुसली की शून्य लागतो

वर्गात फळ्यावर चार उभी घरं आखा आणि वर ह, श, द, ए लिहा : हजार, शतक, दशक, एकक. काड्यांच्या गठ्ठ्यांप्रमाणे सहा हजार एक भरायला सांगा. मुलं ‘ह’खाली ६ आणि ‘ए’खाली १ लिहितील, मधली दोन घरं रिकामी ठेवतील. बरोबरच आहे, शून्याची गरज अजून कुणाला पडलेली नाही. आता घरांच्या रेघा आणि वरची अक्षरं पुसून टाका. फळ्यावर फक्त ६ आणि १ उरतात. आता विचारा : ही संख्या किती? कुणी एकसष्ट म्हणेल, कुणी सहाशे एक. ‘मधे दोन घरं होती, ती कुणाला कळणार?’ हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या. रिकाम्या घराची खूण ठेवायची गरज ज्या मुलाला स्वतःला वाटली, ते मूल ६००१ लिहायला सहसा चुकत नाही.

माणसाला ही गरज कळायला काही शतकं लागली. म्हणून ‘शून्याचा शोध कोणी लावला?’ या प्रश्नासमोर एकच नाव लिहून मोकळं होणं मला खटकतं. बहुतेक वह्यांत तिथे ‘आर्यभट’ असतं. आर्यभटाचा जन्म इसवी सन ४७६चा, आणि ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षाशी निगडित असा त्याचा ‘आर्यभटीय’ हा ग्रंथ. त्यात शून्याचं चिन्ह नाही. मोठ्या संख्या लिहायला त्यानं अक्षरांची स्वतःची पद्धत वापरली. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यात आहे. एकपासून वृंदापर्यंत दहा स्थानांची नावं देऊन प्रत्येक स्थान आधीच्या स्थानाच्या दसपट असतं, हा नियम त्यानं स्पष्ट शब्दांत मांडला. फळ्यावरची आपली ह-श-द-ए ही घरं म्हणजे त्याच नियमाची शालेय मांडणी. वर्गमूळ आणि घनमूळ काढायच्या त्याच्या रीती स्थानांच्या आधारावरच उभ्या आहेत.

या ग्रंथावर ६२९ मध्ये भाष्य लिहिलं ते पहिल्या भास्करानं. ‘लीलावती’कर्ता भास्कर त्याच्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी झाला, मुलांना हे दोघे वेगळे आहेत हे सांगायला हवं. पहिल्या भास्कराच्या भाष्यात ती दहा स्थानं दाखवायला ओळीनं दहा पोकळ वर्तुळं मांडलेली आढळतात. दहा घरं, अजून काही न भरलेली. तोच आर्यभटाच्या ग्रंथाला ‘आश्मकतंत्र’ म्हणतो, म्हणजे अश्मक देशाशी त्याचं नातं सांगतो. प्राचीन ग्रंथांतला अश्मक देश गोदावरीच्या काठचा. आर्यभट कुठला यावर मतभेद आहेत आणि तो काम करत होता ते कुसुमपूर पाटण्याजवळचं मानतात. पण घनसावंगी, परतूरच्या मुलांना ‘या नदीच्या खोऱ्याचं नाव आर्यभटाशी जोडलेलं आहे’ एवढं खात्रीनं सांगता येतं.

शून्याचं दुसरं काम

रिकामी जागा राखणं हे शून्याचं पहिलं काम. दुसरं काम अधिक अवघड : स्वतः संख्या होणं. पाचातून पाच गेले तर उरलेलं ‘काही नाही’ हीसुद्धा एक संख्या आहे आणि तिच्याशी बेरीज, वजाबाकी, गुणाकार करता येतो, हे नियमबद्ध रीतीनं मांडलं ब्रह्मगुप्तानं. भिल्लमाल, म्हणजे आजच्या राजस्थानातलं भीनमाळ, हे त्याच्याशी जोडलेलं गाव. ६२८ साली, तिसाव्या वर्षी त्यानं ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ लिहिला. त्यात धन म्हणजे असलेली रक्कम, ऋण म्हणजे देणं, आणि दोन्ही फिटल्यावर उरतो तो शून्य. कोणत्याही संख्येला शून्यानं गुणलं तर शून्य, शून्य मिळवला तर संख्या तशीच. चौथीतलं मूल हे सारं घडाघडा सांगतं.

शून्यानं भागायची वेळ आली तेव्हा मात्र ब्रह्मगुप्त अडखळला. शून्याला शून्यानं भागून शून्य येतो असं त्यानं म्हटलं. आजचं गणित ते मान्य करत नाही. हे मुलांपासून लपवू नये. उलट त्यांनाच विचारावं : बारा मोसंब्यांतून दर वेळी तीन काढल्या, तर किती वेळा काढता येतील? चार वेळा. दर वेळी शून्य काढल्या तर? वर्गात गलका होतो. ‘संपणारच नाहीत!’ दुसऱ्या भास्कराचार्यांनी अशा राशीला ‘खहर’ हे नाव दिलं आणि तिच्यात काही मिळवलं वा काढलं तरी ती बदलत नाही असं सांगितलं. मोठी माणसंही टप्प्याटप्प्यानं शिकली, एकाचं अपुरं राहिलेलं दुसऱ्यानं पुढे नेलं, हे मुलाला कळलं तर गणिताची भीती बरीच कमी होते.

उलटं बोलणं, सुलटं लिहिणं

मराठी मुलाला आणखी एक अडचण असते. ‘त्रेपन्न’ म्हणताना आधी तीन येतात, मग पन्नास. लिहिताना आधी ५, मग ३. म्हणून ३५ आणि ५३ यांची अदलाबदल होते. ‘एकोणसाठ’मध्ये तर साठ ऐकू येतात आणि लिहायचे पन्नासातले. ही अडचण लक्षात घेऊन बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ असं वाचन आणलं. डॉ. मंगला नारळीकर गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या. त्यावरून राज्यभर वाद झाला. बाजू कुठलीही घ्या, त्यामागचा प्रश्न खरा होता आणि वर्गात तो रोज भेटतो.

जुने गणितीही संख्या बोलताना एककापासून सुरुवात करत. श्लोकात आकडे बसवायला ते शब्द वापरत, आणि आकडा मांडताना उजवीकडून डावीकडे जात. भास्कराचार्यांनी आपलं जन्मवर्ष असंच सांगितलं आहे : रस, गुण, पूर्ण, मही. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी एकच. आता एककाच्या घरापासून भरा : ६, मग ३, मग ०, मग १. झाले शके १०३६. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला; ‘लीलावती’ हा त्याचाच एक भाग. मग तो कुठल्या साली? हे गणित तिसरीतलं मूल करेल : १११४ अधिक ३६, म्हणजे ११५०. पाठ करायचं सन आता हिशेबानं आलं, ते विसरणार नाही. यातलं ‘पूर्ण’ जरा थांबून दाखवा. बोलण्यात आपण रिकामं घर गाळतो, ‘एक हजार छत्तीस’ म्हणतो. भास्कराचार्यांनी मात्र ते रिकामं घरही शब्दानं भरलं.

लीलावती ही त्यांची मुलगी आणि घटिकापात्रात मोती पडून तिच्या लग्नाचा मुहूर्त हुकला, ही गोष्ट वर्गात सांगितली जाते. अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये ‘लीलावती’चं फारसी भाषांतर केलं, त्यातून ती पसरली. गोष्ट म्हणून सांगावी, इतिहास म्हणून नव्हे.

पळीभर तेल

अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडे, चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं इथे मठ सुरू केला, असं तो लेख सांगतो. पाचच वर्षांपूर्वी, १२०२ मध्ये, इटलीत पिसाच्या लिओनार्दोनं, म्हणजे फिबोनाचीनं, भारतीय अंकांची ओळख करून देणारा आपला मोठा ग्रंथ लिहिला होता. तिकडे आपले अंक नव्यानं शिकले जात होते आणि इकडे गणित शिकवायला स्वतंत्र मठ उभा राहत होता.

या शिलालेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. मठाचा खर्च कसा चालेल, ते त्यात आहे. बाजारात येणाऱ्या मालावर मठाचा वाटा, आणि जेवढे तेलाचे घाणे चालतील तेवढ्यांमागे पळी पळी तेल. राजघराण्याच्या दानासोबत गावचा तेलीही आपला वाटा देत होता. गणित शिकवायचं, तर ते साऱ्या गावानं पोसायचं.

ही परंपरा पाटणला संपली नाही. परतूर तालुक्याच्या पलीकडे, परभणी जिल्ह्यातलं पाथरी म्हणजे जुनं पार्थपूर, असं शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात दाखवलं आहे. तिथल्या ज्ञानराजानं १५०३च्या सुमारास ‘सिद्धांतसुंदर’ लिहिला आणि त्याचा मुलगा सूर्यदास यानं १५४१ मध्ये ‘लीलावती’वर टीका लिहिली. उत्तरेला बुलढाणा जिल्ह्यातलं रोहिणखेड हे अकराव्या शतकातल्या श्रीपतीचं रोहिणीखंड मानलं जातं. वर्गातल्या नकाशावर जालन्याभोवती पाटण, पाथरी, रोहिणखेड, पैठण अशी टिकल्या लावलेली चार गावं दिसली, तर ‘प्राचीन भारतीय गणिती’ हा धडा परक्या लोकांचा राहणार नाही.

या आठवड्यात करून पाहा

शिक्षकांनी आणि पालकांनी तीन गोष्टी कराव्यात. मुलानं ६०००१ लिहिलं तर फुलीऐवजी घरं आखून द्यावीत आणि त्यालाच पुसायला लावावीत. मुलांनी आपापलं जन्मवर्ष रस, गुण, पूर्ण यांसारख्या शब्दांत, एककापासून मांडावं. चाराला ‘वेद’, दोनाला ‘नेत्र’, पाचाला ‘बाण’ वापरता येईल. आणि चौथी-पाचवीच्या मुलांनी पुढचं उदाहरण सोडवावं.

नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले, व्याज दरमहा शेकडा एक. त्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळायचे होते. वर्षाचं व्याज किती होईल आणि ते वीस जणांना बरोबर पुरेल का? उत्तर पुढच्या लेखांकात पाहू. त्याच लेखात आणखी १,००० कार्षापणांची ठेव आहे आणि तिथे व्याजाचा दर शेकडा पाऊण आहे. म्हणून पुढचा विषय पाव, अर्धा आणि पाऊण, म्हणजे अपूर्णांक.